टिंकरची चोच

थर्लबँक गावात एनिड गॅदरकोलला 'कशी आहेस' असं सहसा कुणी विचारत नसे, कारण ती खरोखर सांगायची. रात्री बंद केलेला गॅस बंदच राहिला असेल का, नदीच्या बांधात उंदरांनी यंदा किती बिळं केली, चॅपलच्या छपरावरचं ते सुटलेलं कौल कधी पडणार आणि कुणाच्या डोक्यात, मुलीनं नॉरिजहून निघताना फोन केला पण पोचल्याचा का नाही केला, हे सगळं तिच्याकडे कायम तयार असे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. एनिडच्या पाठी एकटा ब्रह्मराक्षस नव्हता, त्याचं अख्खं खटलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला ती नावानं ओळखत होती.

खरं सांगायचं तर दोष सगळा तिचा नव्हता. आमच्या या दलदलीच्या मुलखात नदी बांधांमधून जमिनीच्या वर वाहते आणि माणसं तिच्या खाली झोपतात. एनिडचा बाप नदीच्या झडपा सांभाळायचा. भरतीला पाडायच्या, ओहोटीला उचलायच्या. ती लहान असताना एका मार्चात सगळं बर्फ एकदम वितळलं, वर वारा सुटला आणि बांध फुटला. बापानं आधी आईला, मग एनिडला आणि मग डुकराला माडीवर चढवलं. पाणी उतरेपर्यंत माणसं पलंगावर आणि डुक्कर पलंगाखाली असा मुक्काम होता. पुढे त्या पुराचा विषय निघाला की लोक डुकरावरून हसत. एनिडही हसे. पण तिला आठवायचा तो जिन्यात पुन्हा पुन्हा वाकून बघणारा बाप आणि आईचा दबक्या आवाजातला प्रश्न, "कुठवर आलंय?" तो प्रश्न तिच्या अंगात मुरला तो मुरलाच.

अशा बाईला नवरा मिळाला तो क्लिफ. त्यानं जन्मभर बीटच्या शेतांवर ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टर काळ्या मातीत चाकभर रुतलेला असो, मुलीला गोवर आलेला असो, नाहीतर पाणी दाराशी आलेलं असो, क्लिफचं औषध एकच होतं. "काही होत नाही गं." हे तो इतक्या आरामात म्हणायचा की एनिडला कधी त्याचा राग यायचा आणि कधी नुसती झोप यायची. पन्नास वर्षांच्या संसारात तिला जी काही झोप मिळाली, ती या एका वाक्याच्या जोरावर.

क्लिफचा आणखी एक गुण म्हणजे तो शब्दाला जागायचा. गुण म्हणावा की खोड, यावर गावात मतभेद होते. त्याचा चुलतभाऊ पर्सी एकदा शिडी घेऊन गेला आणि परत करायचं विसरला. क्लिफ चॅपलच्या दारात त्याला म्हणाला की शिडी माझ्या दाराशी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही. पर्सीही गॅदरकोलच, तो कशाला ऐकतोय. शिडी त्याच्या गोठ्यामागे कुजून गेली. दोघं भाऊ दर रविवारी एका बाकावर बसून एकाच पुस्तकातून भजनं म्हणत, पण एकमेकांशी चकार शब्द नाही. पर्सी गेला तेव्हा क्लिफनं शवपेटीला खांदा दिला, रुमाल ओला होईस्तोवर रडला, पण कबरीवर माती टाकताना 'येतो रे' एवढंही म्हणाला नाही. शिडी आली नव्हती ना.

काम सुटल्यावर क्लिफला घरात बसवेना आणि एनिडला तो घरात बसलेला बघवेना. तेव्हापासून दोघांना हंसांचा नाद लागला. गावापलीकडे जुन्या आणि नव्या नदीच्या मधे जो सखल पट्टा आहे, त्याला सगळे वॉश म्हणतात. हिवाळ्यात नद्यांचं जास्तीचं पाणी त्यात सोडतात आणि मैलभर गवताचं तळं होतं. त्या पाण्यावर रशियाच्या पार वरच्या टोकाकडून हंस उतरतात. पक्ष्यांसाठी ती सगळी जागा राखलेली आहे आणि नदीच्या बांधावर बघणाऱ्यांसाठी काचेची लांब खोली आहे. आमच्या नदीत बारा महिने पडून असणाऱ्या नारिंगी चोचीच्या आळशी हंसांना तिथे कुणी हंस म्हणत नाही. खरे ते हे पाहुणे. त्यांच्या चोची काळ्या-पिवळ्या, आणि कुठल्याही दोघांच्या सारख्या नाहीत. आपण लांबून चालीवरून शेजारी ओळखतो, तसे तिथले लोक चोचीवरून हंस ओळखतात. एकदा ओळख पटली की हंसाला नाव मिळतं आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच नावानं त्याची वाट बघितली जाते.

टिंकर हे नाव क्लिफनं दिलेलं. त्याच्या बापाच्या नांगराच्या घोड्याचं ते नाव होतं. या हंसाच्या चोचीवर पिवळ्याच्या अगदी मधोमध एक काळपट ठिपका होता, बशीत सांडलेल्या चहाच्या थेंबाएवढा. त्याची बायको मेबल. तिचा पिवळा रंग पार डोळ्यांपर्यंत गेलेला, घाईत पावडर लावलेल्या बाईसारखा. पंधराएक हिवाळे ही जोडी न चुकता येत होती, आणि नोव्हेंबर लागला की एनिडच्या काळज्यांत या दोघांची भर पडत होती. वाटेत वादळ, शिकारी, विजेच्या तारा. क्लिफ म्हणायचा, "येतील गं. त्यांना तुझ्यापेक्षा रस्ता माहीत आहे." आणि जोडी यायची.

हे हंस जोडी मोडत नाहीत. जोडीतलं एक एकटंच आलं तर त्याचा अर्थ एकच असतो. आणि जुनी मादी नव्या नराबरोबर आली तर अर्थ तोच, फक्त थोडा शिळा झालेला.

त्या वर्षी उन्हाळ्यात क्लिफ जिन्यात मधेच बसला. वर जाईना, खाली येईना, ओठ निळसर झालेले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाईंनी चित्र काढून दाखवलं: हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, बदलायला हवी. झडपेवाल्याच्या मुलीला हे समजवायची गरज नव्हती. गळकी झडप किती दिवस टिकते ते तिनं बापाच्या तोंडून जेवताना ऐकलेलं होतं. डिसेंबरातली तारीख मिळाली आणि त्याच महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल, असं सांगण्यात आलं.

क्लिफ म्हणाला, नाही. माणसाला झोपवून उघडायचं हे आपल्याला मंजूर नाही. एनिडनं विनवलं, मुलीनं फोनवरून आधी समजावलं आणि मग झापलं. क्लिफ ढिम्म. आणि एनिडची खरी पंचाईत इथेच होती. जन्मभर तिनं गॅसची, कौलाची आणि उंदरांची इतकी काळजी करून ठेवली होती, की आता खरोखरीचा लांडगा दाराशी आला तेव्हा तिच्या ओरडण्याला कवडीची किंमत राहिली नव्हती. ती रडली तर क्लिफ तिच्या पाठीवर थोपटायचा आणि म्हणायचा, काही होत नाही गं.

मग एका रविवारी चहाला बसले असताना, सेलरीचा दांडा मिठात बुडवत तो म्हणाला, "असं करू. टिंकर आला तर मी जातो. एवढासा जीव, तो इतक्या लांबून पंख हलवत येतो, तर मला गाडीत बसून इस्पितळात जायला काय धाड भरलीय? पण तोही म्हातारा झालाय. नाही आला, तर आपणही पुन्हा हा विषय काढायचा नाही."

एनिडच्या हातातला चाकू तसाच राहिला. हा माणूस शिडीपायी भावाच्या कबरीवर गप्प बसलेला. आता त्यानं आपला जीव एका पाखराच्या चोचीला टांगून ठेवला होता आणि वर आणखी मीठ मागत होता.

त्या दिवसापासून एनिडचं जेवणात लक्ष लागेना. हंस पूर्वेच्या वाऱ्यावर येतात, म्हणून ती सकाळी उठून आधी चॅपलवरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट बघायची. तो सारखा पश्चिमेकडे तोंड करून उभा. हल्ली थंडी पडत नाही म्हणून पुष्कळ हंस हॉलंडातच तळ ठोकतात, हे तिला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई कडाक्याची थंडी पडू दे म्हणून प्रार्थना करत होती. रोज दुपारी ती गाडी काढून वॉशच्या रस्त्यानं पलीकडे जायची आणि काचेच्या खोलीत दुर्बिणीला डोळे लावून बसायची. पाण्यावर बदकांची ही गर्दी, चांदवे, टिटव्या, आइसलँडहून आलेले मोठे हंससुद्धा. टिंकर नाही. लोक "वा, काय दृश्य आहे" म्हणायचे आणि तिला त्यांच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटायचा.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सोमवारी वारा फिरला. मंगळवारी गवतावर पांढरं पडलं आणि दिवस मावळता मावळता हंसांची एक रांग शेतांकडून पाण्यावर उतरली. त्यात मेबल होती. पावडर डोळ्यांपर्यंत. आणि तिच्या अंगाला अंग लावून एक नर.

एनिड उभीच राहिली. पण त्या नराची चोच काळीकुट्ट होती. दिवसभर बटाट्याच्या शेतात उरलेसुरले बटाटे उकरून आल्यामुळे डोळ्यांपर्यंत आमची काळी माती थापलेली. त्याच्या चोचीवर ठिपका आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात पाण्यावर धुकं आलं आणि दोघंही दिसेनाशी झाली.

राखणीची सगळी व्यवस्था बघणारी टॅम्सिन तिथेच होती. एनिडनं तिचा हातच धरला. मेबलच्या शेजारी दुसरं कोण असणार, ती म्हणाली, तोच ना?

टॅम्सिन पोरगी मनानं चांगली, पण कामात काटेकोर. "आजी, धुतलेली चोच बघितल्याशिवाय मी कुणाचं नाव घेत नाही. तुम्हीच मला हे शिकवलंय."

शिकवलं होतं क्लिफनं. घरी येईपर्यंत एनिडनं वाटेत दहा वाक्यं जुळवली आणि दाराशी सगळी विसरली. क्लिफ शेकोटीपाशी उशा पाठीला लावून बसला होता; हल्ली त्याला आडवं पडवत नसे.

"मेबल आली," ती म्हणाली. "जोडीनं आली."

क्लिफ तिच्याकडे बघत राहिला. "टिंकर?"

"चोच चिखलानं भरली होती. पण दुसरा कोण असणार?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी तिचे कान तापले. क्लिफला फसवणं सोपं नव्हतं. तो म्हणाला, चिखलाखाली काय आहे ते मीच येऊन बघतो. बुधवारी त्याला उठताच आलं नाही. राहिला गुरुवार.

गुरुवारी जेवण होऊन निघेनिघेपर्यंत दुपार कलली. एनिडनं फ्लास्क, हॅमचे सँडविच, गोळ्या, दुसरं पांघरूण आणि पहिलं पांघरूण ओलं झालं तर म्हणून तिसरं असा सगळा संसार गाडीत भरला. वॉशच्या रस्त्याला लागली आणि तिनं गाडी थांबवली. दोन दिवसांत वरून पाणी सोडलेलं होतं आणि रस्ता मधोमध बुडाला होता. पाण्यात खोली दाखवणारा पट्ट्यांचा खांब उभा होता. हा खांब किती बुडाला की घरी बसायचं, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. तरी दर हिवाळ्यात कुणीतरी जाणता माणूस 'माझा रोजचा रस्ता आहे' म्हणत गाडी घालतो आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागते. परके लोक बुडत नाहीत, ते पाटी वाचून मागे फिरतात. बुडतात ते आपलेच.

लांबच्या रस्त्यानं वळसा घालून जायचं तर पुलापर्यंत जाऊन परत यायचं, आणि सूर्य तर नदीच्या बांधावर टेकायला आलेला. अंधार पडला की चोच दिसणार नाही. उद्या शुक्रवार.

एनिडनं गाडी पाण्यात घातली.

चाकांखाली आधी नुसती खळखळ झाली. मग स्टिअरिंग हातात हलकं झाल्यासारखं वाटलं. क्लिफनं तिच्याकडे मान वळवली. या बाईनं पन्नास वर्षांत चार बोटं पाण्यातून गाडी नेली नव्हती. अशा रस्त्यावर ती त्याला खाली उतरून काठीनं खोली बघायला लावायची. आणि आता ती दात आवळून, खांबाकडे न बघता, सरळ पुढे चालली होती.

"एनिड," तो म्हणाला, "थांब."

"काही होत नाही."

"अगं, थांब म्हणतो ना. मागे घे."

तिनं ब्रेक दाबला. क्लिफनं तिच्या हातावर हात ठेवला. ती हळूहळू गाडी मागे घेत कोरड्यावर आली. मग तिला रडू फुटलं. ती म्हणाली, उशीर होणार आता. क्लिफ म्हणाला, होऊ दे. पुलावरून जाऊ. वाटभर तो खिडकीबाहेर बीटच्या ढिगांकडे बघत होता. एनिड दर थोड्या वेळानं त्याची छाती हलते का ते बघत होती.

काचेच्या खोलीत जायला नदीवर लाकडी पूल आहे, त्याला लांब चढण आहे आणि चढणीच्या मधे एक बाक. क्लिफ बाकापर्यंत तीनदा थांबला. प्रत्येक वेळी कठड्याला धरून नदी बघतोय असं दाखवायचा. खाली बघण्यासारखं काही नव्हतं, तरी एनिडही त्याच्या शेजारी उभी राहून बघायची. त्याच्या घशातून रिकाम्या फ्लास्कमधून येतो तसा आवाज येत होता. तिला वाटलं, आपण याला मारायला आणलंय इथे. परत जाऊ या असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण मग उद्याचा फोन आठवला आणि तिनं ते मिटलं.

ते आत पोचले तेव्हा आकाश तांबूस होतं आणि तळ्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. टॅम्सिन खाली किनाऱ्यानं ढकलगाडी घेऊन गहू टाकत चालली होती. शेतांकडून हंस येत होते, आधी आवाज आणि मग रांगा. पाय पुढे करून पाण्यावर घसरत उतरायचे आणि माना वरखाली करत एकमेकांची विचारपूस करायचे. क्लिफ खुर्चीत बसला. एनिडनं त्याच्या गुडघ्यांवर पांघरूण टाकलं, दुर्बीण त्याच्या हातात दिली आणि आपली डोळ्यांना लावली.

मेबल दिसायला वेळ लागला नाही. काचेपासून दगड टाकला तर पडेल एवढ्या अंतरावर. तो तिच्याजवळच होता, परवासारखाच काळ्या तोंडाचा. गहू खाण्याआधी तो पाण्यात वळला आणि मान बुडवली. बाहेर काढली तेव्हा चोचीच्या टोकाचा चिखल गेला होता. पुन्हा बुडवली. एनिडनं दुर्बिणीचा पट्टा बोटाभोवती इतका आवळला की बोट बधिर झालं. देवा, एक ठिपका, ती मनात म्हणत होती, एवढासा ठिपका, तुला काय कठीण आहे.

त्यानं मान झटकली आणि दिव्याकडे तोंड केलं. चोच स्वच्छ होती. पिवळं दोन्ही बाजूंना छोटं, गोल, अंड्याच्या बलकासारखं. त्यात ठिपका नव्हता, रेघ नव्हती, काहीसुद्धा नव्हतं. तरणाताठा, अनोळखी हंस.

एनिडनं दुर्बीण खाली केली नाही, कारण मग क्लिफकडे बघावं लागलं असतं. तिला पहिल्यांदा राग आला तो मेबलचा. इतके हिवाळे बरोबर काढून ही बया दुसरा गडी घेऊन आली आणि गहू खातेय. मग राग ओसरला आणि त्याच्या मागे जे उभं होतं ते पुढे आलं. शेकोटीपाशी रिकामी खुर्ची. पाठीला लावायच्या दोन उशा, नीट रचून ठेवलेल्या. आणि घरात 'काही होत नाही' म्हणायला कुणी नाही. तिला इतकी भीती पुरातसुद्धा वाटली नव्हती.

दार उघडून टॅम्सिन हात पुसत आत आली. तिनं काचेतून एकदाच पाहिलं. तिला दुसऱ्यांदा बघायची गरज नसे. तिचा चेहरा उतरला. "अरेरे," ती म्हणाली, "आजोबा, हा तर..."

"आला बरं का आमचा टिंकर," क्लिफ म्हणाला.

एनिडनं दुर्बीण काढून नवऱ्याकडे पाहिलं. त्याची दुर्बीण त्याच्या मांडीवर होती, झाकणंसुद्धा न काढलेली. तो पाण्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि बहुधा बराच वेळ बघत होता.

टॅम्सिननं दोघांकडे पाहिलं. चोच बघितल्याशिवाय नाव न घेणारी ती पोरगी जराशी घोटाळली आणि मग म्हणाली, "हो. प्रवासानं जरा वाळलाय, एवढंच." आणि ढकलगाडी आत घ्यायची राहिलीय असं सांगून बाहेर गेली.

"चल," क्लिफ म्हणाला. "दिवसाउजेडी इथवर आलो, आता अंधारात उतरायचंय."

उतरताना तो पुन्हा त्या बाकावर बसला. मागे हंसांचा गलका चालला होता. एनिडला खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मनात आलेली काळजी गिळून टाकायची तिला सवयच नव्हती.

"क्लिफ, तो चहाचा थेंब..."

"दिसला मला. तुझी नजर हल्ली अधू झालीय, म्हातारे." त्यानं श्वास घेतला. "उद्या सकाळी उठल्या उठल्या त्यांना फोन कर. माझं डोकं फिरायच्या आत."

एनिडनं मान हलवली. भावाच्या कबरीशीसुद्धा ज्यानं आपला शब्द मोडला नव्हता, त्यानं आज एका परक्या हंसाला टिंकर म्हणून तो मोडला होता, हे तिला कळलं. पण आभार मानायचे तर थेंब नव्हता हे कबूल करावं लागलं असतं. ती त्याच्याजवळ सरकून बसली.

थोड्या वेळानं क्लिफ खाली काळ्या पाण्याकडे बघत म्हणाला, "मला भीती वाटते गं, एनिड."

हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं. तिच्या मनात सगळं एकदम दाटून आलं: भूल, चाकू, तो निजेल आणि उठणारच नाही, फोन वाजेल, मुलगी वेळेत पोचणार नाही. सगळं ओठांपर्यंत आलं. तिनं ते तिथेच थोपवलं.

"काही होत नाही रे," ती म्हणाली.

पन्नास वर्षं तिनं हे वाक्य नुसतं ऐकलं होतं. ते म्हणणाऱ्याच्या पोटात त्या वेळी काय चाललेलं असतं, ते तिला आत्ता कळलं. तिनं त्याच्या मफलरची गाठ घट्ट केली, त्याचा हात आपल्या काखेत घेतला आणि दोघं सावकाश गाडीकडे उतरू लागली.